आजीच्या अंगात गोळी जास्त वेळ का टिकते?

डायझेपाम ही झोपेसाठी, घबराटीसाठी दिली जाणारी गोळी. विशीतल्या माणसाच्या रक्तातले तिचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 20 तास लागतात. ऐंशीच्या माणसाला त्यालाच 80 तासांच्या आसपास लागतात. मग रोज रात्री एक गोळी घेतली की आधीची संपलेली नसतेच, ती साठत जाते. आजी दिवसा पेंगते, रात्री संडासाला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. घरचे म्हणतात, वय झाले.

वय झाले म्हणजे आत काय झाले? अंगातले पाणी कमी होते, चरबीचा वाटा वाढतो आणि अशी औषधे चरबीत मुरून बसतात. यकृत आकाराने लहान होते, त्यातून रक्तही कमी वाहते. मूत्रपिंडाची गाळण चाळिशीनंतर हळूहळू उतरते. मेंदूही औषधाला लवकर बधतो. प्रयोगशाळेतला उंदीर दोन वर्षांतच म्हातारा होतो, म्हणून हे सारे त्याच्यावर पुष्कळ तपासले गेले. पण म्हाताऱ्या नर उंदराच्या यकृतातली औषध मोडणारी काही एन्झाइम जितकी घटतात तितकी माणसात घटत नाहीत. माणसाचा डोस माणूस पाहूनच ठरवावा लागतो. रिपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नये. अंगावर मांस नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसते, तरी मूत्रपिंड निम्मेच चालत असू शकते.

सगळ्यात जास्त काळजी शुगरच्या गोळीची. ग्लायबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी. तिचा असर दिवसभर राहतो आणि मूत्रपिंड थकले असेल तर आणखी लांबतो. साठीच्या पुढे ती योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत नमूद आहे. आता वर्षावासात आपल्या उपासिका अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतात. रात्री शुगर खाली येते. तरुणाला घाम फुटतो, हात थरथरतात. म्हाताऱ्या माणसात कधी कधी नुसते असंबद्ध बोलणे किंवा गप्प पडून राहणे एवढेच दिसते. शुद्धीवर असतील तर लगेच साखरेचे पाणी पाजा आणि दवाखान्यात न्या, कारण या गोळीने उतरलेली शुगर एकदा वर येऊन पुन्हा उतरते. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. शील मोडेल म्हणून कुणी साखर नाकारू नये. तथागतांनी आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी विकाळीही औषध म्हणून घेण्याची मुभा दिली होती, ती विनयात नोंदलेली आहे. अष्टशील घेण्याआधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची गोळी ठरवून घ्यावी.

मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांचेही तसेच. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक, त्यात बीपीची आणि लघवीची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. सर्दीच्या गोळीने म्हाताऱ्या पुरुषाची लघवी अडकते, डोके गोंधळते.

मनाने गोळी बंद करू नका. झोपेची तर एकदम मुळीच नाही, ती हळूहळू कमी करावी लागते. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलम, काढ्याच्या बाटल्यासुद्धा एका पिशवीत भरा आणि पुढच्या खेपेला पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर ओता. ‘यातली कोणती कमी करता येईल?’ असे विचारा.