साडेसहा फुटांची लिफ्ट

शनिवार, सकाळचे साडेअकरा. मटण स्ट्रीटवरची शटरं एकेक करून वर जाताहेत. काल शुक्रवार, म्हणजे चोर बाजारातल्या या दुकानांची सुट्टी. एक पोरगा सागवानी आरामखुर्चीवर उकिडवा बसून चहा पितोय, आणि शेजारच्या भेंडीबाजाराच्या साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासातले टॉवर गल्लीच्या टोकाशी डोकावताहेत.

आम्ही तिघं आहोत. ठाण्यातल्या नव्या घराचा हॉल दहा बाय सोळा. नवऱ्याच्या फोनमध्ये स्कँडिनेव्हियन घरांचे फोटो आहेत, सगळं फिकट लाकूड आणि पांढऱ्या भिंती. माझ्या फोनमध्ये पितळी कड्या आणि झोपाळे. आईच्या फोनमध्ये काही नाही. तिची एकच अट आहे, पलंग घ्यायचा नाही. "कोण त्यावर गेलं असेल, काय सांगावं!"

"बर्मा टीक है मॅडम, हाथ लगाके देखो," दुकानदार एका टेबलाकडे बोट दाखवतो. आई हात लावत नाही. ती खण पूर्ण बाहेर ओढून उलटा धरते. तिचे वडील सुतार होते, त्यामुळे फर्निचर नेहमी मागून बघायचं असतं हे तिच्या अंगात आहे. खणाच्या कोपऱ्यात लाकडात लाकूड अडकवलंय की नुसते खिळे ठोकलेत, ते ती बघते. खिळे आहेत, आणि तळाला प्लायवूड.

"पुढून ब्रह्मदेश, मागून प्लायवूड," ती मराठीत म्हणते. दुकानदाराला मराठी येत असावी, कारण तो हसतो आणि भाव सांगायचं टाळतो. पुढच्या स्टुलाच्या पायाशी पिठासारखा भुसा पडलाय. म्हणजे कीड अजून आत आहे. त्याला आम्ही हातही लावत नाही.

खुर्च्या मात्र आतल्या अंधारात, छतापर्यंत एकमेकींत अडकवलेल्या. गोल बैठक, पाठीला वाकवलेली गोल काठी. मी ओरडतेच, "इराणी हॉटेलातल्या!" धोबी तलावच्या कयानीत अशाच खुर्च्यांवर बसून आम्ही मस्काब्रून खाल्लाय. नवरा फोनमध्ये डोकं घालतो आणि विजयी चेहऱ्याने वर बघतो. या घाटाची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटने 1859 मध्ये काढलेली, बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवलेलं. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू. सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावत. "म्हणजे युरोपियनच ना!" तो म्हणतो. म्हणू दे. त्याला युरोप मिळाला, मला कयानी.

आई बसून बघते. थोडी पुढे सरकते, मागे रेलते. "पाठ टेकतेय." एवढं बोलून ती उठत नाही, म्हणजे पसंत. दोन बैठकांचा वेत फाटलाय. त्यावरून घासाघीस होते आणि चार खुर्च्या दहा हजारांवर येतात.

आणि मग मला ते कपाट दिसतं. शिसवी, आरशाचं, दाराला चिनी मातीची मूठ. उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास. मी आरशात बघते तर मागे नवरा मेजर टेप सोडतोय.

"सात फूट. लिफ्टचं दार साडेसहा आहे."

"तिरकं करून?"

"चार फूट रुंद आहे गं. जिन्यातही वळणार नाही."

आम्ही एकविसाव्या मजल्यावर राहणार आहोत. रंग, शैली, आवड यांवर महिनाभर घरात भांडणं झाली, आणि लिफ्टचं दार मोजून ठेवायचं फक्त यालाच सुचलं, याचा मला रागच येतोय.

"नीचे से पाँव काट देंगे," दुकानदार सुचवतो. खरंच करवत मागवतो की काय!

"पाय कापलेलं कपाट घरात आणायचं नाही," आई खुर्चीतूनच सांगते.

खुर्च्या टेम्पोत चढतात. कपाट तिथेच आहे, डाव्या हाताच्या भिंतीला लागून. तुमच्या लिफ्टचं दार उंच असेल तर जरूर जा. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात तडा आहे, तो दाखवून भाव पाडा.