‘पी’ची खिटी आणि हँडब्रेक

ऑटोमॅटिक मोटारीचा गिअर ‘पी’वर नेला की गाडी जागीच जखडली जाते, त्यामुळे हँडब्रेक ओढण्याची गरज उरत नाही, असा समज अनेक चालकांमध्ये रूढ आहे. वस्तुतः ‘पी’मुळे एकही ब्रेक लागत नाही. गिअरबॉक्समधून चाकांकडे गती नेणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चक्र बसवलेले असते, आणि ‘पी’ निवडल्यावर ‘पार्किंग पॉल’ नावाची छोटी पोलादी खिटी त्याच्या खाचेत उतरते. उभ्या गाडीचा सारा भार मग त्या एका खिटीवर येतो. चढावर उभी केलेली गाडी पुन्हा काढताना गिअर अडून ‘खाड्’ असा आवाज येतो, तो या दाबाखालची खिटी सुटल्याचा असतो. हँडब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत मागील चाकांचे ब्रेकच आवळून धरतो.

हँडब्रेक शेवटी ओढला तरी तेच, हा समजही खरा नाही, कारण तोवर गाडी खिटीवर रेललेली असते. पाय ब्रेकवर ठेवून गिअर ‘एन’मध्ये घ्यावा, हँडब्रेक ओढावा, पाय हलकेच उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, आणि ब्रेक पुन्हा दाबून मगच ‘पी’ लावावा, असा क्रम ठेवल्यास खिटीवर ताण जवळजवळ येत नाही.

पुढील चाकांना गती मिळणाऱ्या गाड्यांत, म्हणजे भारतातील बहुसंख्य लहान मोटारींत, खिटीचा अडसर ‘डिफरन्शियल’मार्फत, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमार्फत, पुढील चाकांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे पंक्चर काढण्यासाठी पुढचे एक चाक जॅकवर उचलले की ते मोकळे फिरू शकते आणि जमिनीवरील दुसरे चाकही अडलेले राहत नाही. 2014 च्या सेलेरिओपासून भारतात पसरलेल्या ‘एएमटी’ गाड्यांत, ज्यांत साध्याच गिअरबॉक्सचा क्लच यंत्र दाबते, ‘पी’ हे स्थान सहसा नसतेच, आणि ‘एन’मध्ये सोडलेल्या अशा गाडीला हँडब्रेकवाचून धरून ठेवणारे काहीही नसते.

‘पी’ लागला आहे, ही खात्रीही फसवी ठरू शकते. सोडताच मध्यावर परतणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गिअर-दांड्यामुळे नेमका कोणता गिअर पडला हे चालकांना उमगत नव्हते आणि ते उतरल्यावर गाड्या चालू लागत, म्हणून फियाट क्रायस्लरने 2016 मध्ये जगभरातील सुमारे 11 लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

रोजच्या वापराने हँडब्रेकची केबल सैल होते हे काही अंशी खरे असले, तरी ती गॅरेजमध्ये थोड्या वेळात ताणून मिळते, आणि न वापरलेली केबल तर आवरणातच गंजून अडकते. अपवाद एकच: कोकणातल्या दमट पावसाळ्यात गाडी कित्येक आठवडे सपाट जागी उभी राहणार असेल, तर आवळलेले ब्रेक-शू ड्रमला चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक सोडून, ‘पी’ लावून चाकांना पुढे-मागे ठोकळे देणे अधिक बरे.