पिल्लाच्या ताटलीतले कच्चे मांस

मागच्या आठवड्यात वाडीवाले एक आजोबा रक्तदाब तपासायला आले. दंडावरचा पट्टा सोडताना म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू? मुलाने कुत्र्याचं पिल्लू आणलंय, दोन महिन्यांचं. म्हणतो, शिजवलेलं काही द्यायचं नाही, परदेशात कच्चं मांस नि हाडंच देतात. दोन आठवडे झाले, मी रोज खाटकाकडून पिशवी आणतो."

"पिशवीत काय असतं?"

"काळीज-फुप्फुसाचे तुकडे. खराब म्हणून बाजूला काढलेले. फुकट मिळतात."

"घरात लहान कोण?"

"दीड वर्षाची नात. दिवसभर दोघं ओट्यावर एकत्र."

त्यांचा रक्तदाब ठीक होता. माझाच वाढला असावा.

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर आहे. परंतु ही पिशवी माणसांच्याही आजाराची आहे, म्हणून हा लेख. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली पुस्तक लिहून कुत्र्यांच्या कच्च्या मांसाहाराचा पुरस्कार केला आणि तेव्हापासून ही टूम जगभर पसरली. शेजारच्या न्यूझीलंडची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. मेंढ्यांचे कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्यातून पसरणाऱ्या हायडॅटिड या रोगासाठी त्या देशाला १९५९ साली खास कायदा करावा लागला. कुत्र्यांना वर्षानुवर्षे जंताचे औषध पाजल्यावर कुठे २००२ मध्ये देश या रोगातून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

हा रोग आपल्याकडेही आहे. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा एक चपटा जंत राहतो. कुत्र्याला त्याचा काहीच त्रास होत नाही, ते धष्टपुष्ट दिसते. जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर, मातीत आणि कुत्र्याच्या केसांना चिकटतात. बकरी-मेंढी ती गवताबरोबर गिळते आणि तिच्या काळजात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. खाटीक जो तुकडा खराब म्हणून बाजूला काढतो, त्यात नेमकी अशी गाठ असू शकते. कुत्र्याने ती खाल्ली की चक्र पुन्हा सुरू.

या चक्रात माणूस बकरीच्या जागी येतो. पिल्लाला कुरवाळून हात न धुता खाल्ले किंवा वाडीत कुत्री फिरलेल्या जागेची पालेभाजी नीट न धुता खाल्ली, की अंडी पोटात जातात. गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. काही वर्षांपूर्वी उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो म्हणून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. ॲसिडिटी समजून त्यांनी वर्षभर गोळ्या खाल्ल्या होत्या. सोनोग्राफीत यकृतात नारळाएवढी गाठ निघाली. मुंबईला पाठवून शस्त्रक्रिया करावी लागली. अशी गाठ आत फुटली तर तीव्र ॲलर्जीने जीवही जाऊ शकतो.

कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतूही असतात. फ्रीजमध्ये ठेवल्याने ते मरत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि संशय खाण्यातल्या कोंबडीवर गेला. वाघाची ही गत, तिथे आपले पिल्लू काय!

शिवाय नुसत्या मांसावर पिल्लाची हाडेही धरत नाहीत. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. पाय वाकतात, हाड सहज मोडते. मग हाडे घालावीत का? शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि कच्चे हाडही घशात वा आतड्यात अडकते. बिनहाडाची उकडलेली कोंबडी, भात, थोडी भाजी घरातूनच देता येईल, पण प्रमाण आणि कॅल्शियम पशुवैद्यांना विचारून. काळीज द्यायचेच तर अर्धा तास खळखळून उकळावे. पिल्लाची ताटली घरच्या भांड्यांत घासू नये. आणि जंताची कुठलीही गोळी या जंतावर चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल हे औषध लागते.

आजोबा हे ऐकून गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "दोन आठवडे खाल्लं, त्याचं काय? नात तर त्याच्या तोंडाला तोंड लावते."

मी त्यांना सांगितले, हा जंत पिल्लाच्या पोटात गेला असला तरी अंडी घालायला त्याला साधारण दीड महिना लागतो. आत्ताच औषध दिले तर ती वेळ येणार नाही. तोवर विष्ठा खोल पुरा आणि नातीचे हात साबणाने धुवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताना ते सायकलवरून जाताना दिसले. हँडलला भाजीची करंडी होती आणि करंडीतून दोन कान बाहेर आले होते. हात करून म्हणाले, "गुरांच्या डॉक्टरकडे चाललो!"