परदेशी मालाचे घड्याळ

समजा, वाळूजच्या एका कारखान्यातील मोठे यंत्र बंद पडले आणि त्याचा जड भाग जपानहून मागवावा लागला. जहाज न्हावा शेवा बंदराला लागले. तेथून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ट्रकला एक रात्र पुरते. तरीही माल हाती पडायला कित्येक दिवस लागतात. ते दिवस जातात कुठे?

जहाजातून उतरलेला माल थेट मालकाच्या हाती देत नाहीत. आधी मालकाने ‘बिल ऑफ एंट्री’ हा कागद भरायचा. मग कस्टम्सचे लोक मालाचे वर्णन, किंमत आणि जकात पाहतात, कधी कंटेनर उघडूनही बघतात. जकात भरली की सुटकेचा हुकूम निघतो. माल आल्यापासून या हुकुमापर्यंतचा काळ देशोदेशी मोजतात.

जपानने हे मोजमाप १९९१ साली सुरू केले. तेव्हा समुद्रमार्गे आलेल्या मालाला सरासरी १६८ तास, म्हणजे बरोबर एक आठवडा लागत होता. २००९ साली तो काळ सुमारे ६२ तासांवर आला. भारतातील बंदरांचा २०२३ चा आकडा ८५ तास ४२ मिनिटे होता. म्हणजे जपान आपल्यापेक्षा एका दिवसाने पुढे?

थांबा! आधी साले पाहा; त्यांत चौदा वर्षांचे अंतर आहे. शिवाय घड्याळ कुठे सुरू झाले तेही विचारा. आपल्या शहराजवळ, दौलताबादपाशी माळीवाडा येथे कंटेनर उतरवण्यासाठी ‘कोरडे बंदर’ उभारले गेले. अशा ठिकाणी कस्टम्सचे काम होते. म्हणून कंटेनर न्हावा शेव्याहून सीलबंद येऊ शकतो. २०२३ साली देशातल्या कोरड्या बंदरांची सरासरी ७१ तास ४६ मिनिटे होती. आकडा लहान दिसतो खरा, पण हे घड्याळ माल तिथे पोचल्यावर सुरू होते. समुद्रकाठी आणि वाटेत गेलेला वेळ त्यात धरलेलाच नसतो.

आता जपानच्या आकड्यांच्या पोटात शिरू. १९९१ च्या १६८ तासांपैकी कागद दाखल झाल्यापासून परवानगी मिळेपर्यंत २६ तास गेले होते. २००९ च्या ६२ तासांत हा भाग फक्त ३ तासांचा उरला. वजाबाकी करा. एकूण १०६ तास वाचले, पण त्यांतले कस्टम्सच्या टेबलावर २३ च. बाकीचे ८३ तास कागद दाखल होण्यापूर्वीचे! माल उतरवणे, गोदामात नेणे, कागद जुळवणे यांत ते जात होते. ज्या कचेरीला सारे दोष देतात, तिच्या दारापर्यंत पोचायलाच जास्त वेळ लागत होता.

म्हणून जहाज वाटेत असतानाच कागद तपासण्याची पद्धत जपानने १९९१ साली आणली. त्याच वर्षी सागरी मालासाठी संगणकही जोडले. आपल्याकडे २००५ पासून कोणता माल तपासायचा आणि कोणता तसाच सोडायचा हे संगणक सुचवू लागला. २०२१ पासून सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कागद भरण्याचा नियम झाला. आपण ठेवलेले उद्दिष्ट ४८ तासांचे होते. ते गाठायला अजून बरेच अंतर होते, हे ८५ चा आकडा सांगतोच.

बंदरासाठी हे तास म्हणजे जागा. रोज १०० कंटेनर येत असतील आणि प्रत्येक ७ दिवस राहत असेल, तर आवारात ७०० कंटेनरांची जागा हवी. मुक्काम ३ दिवसांचा झाला की ३०० ची पुरते. एक चौरस फूटही जमीन न वाढवता!

आणि सरासरी? दहा कंटेनरांपैकी नऊ ४० तासांत सुटले आणि दहावा ४९० तास अडकला, तर सरासरी ८५ तासच येते. पण यांतला एकही कंटेनर ८५ तासांत सुटलेला नाही. वाळूजच्या स्टोअरकीपरला ही सरासरी काय कामाची? त्याच्या डोळ्यांपुढे तो दहावा कंटेनर असतो. म्हणून तो फडताळात वीस दिवस पुरेल इतके सुटे भाग भरून ठेवतो आणि कारखान्याचा तेवढा पैसा तिथे पडून राहतो.