फाळणीचा भागाकार, बाकी किती?

मोहेंजोदडोला सापडलेला, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचा एक हार होता. फाळणीच्या वाटणीत त्याचा धागा सोडवला आणि मणी निम्मे-निम्मे केले. अर्धा हार आज दिल्लीत आहे, अर्धा पाकिस्तानात. त्याच उत्खननातली कांस्याची नर्तिका दिल्लीला राहिली आणि दगडाचा ‘पुरोहित राजा’ कराचीला आहे. व्हाइसरॉयची बग्गी काही मधून कापता येईना. तिच्यासाठी म्हणे नाणं उडवलं आणि कौल भारताच्या बाजूने लागला.

बाकीची वाटणी कागदावर झाली. सरकारी येणी-देणी ८२.५ टक्के भारताची, १७.५ टक्के पाकिस्तानची. कचेऱ्यांतली टेबलं, खुर्च्या, कपाटं साधारण ८०:२०. फौज ढोबळमानाने दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश. हा हिशेब मांडायला दोन सनदी अधिकारी समोरासमोर बसले होते: एच. एम. पटेल आणि चौधरी मुहम्मद अली. पुढे पटेल भारताचे अर्थमंत्री झाले, मुहम्मद अली पाकिस्तानचे पंतप्रधान.

रोख रकमेत पाकिस्तानचा वाटा ७५ कोटींचा ठरला. २० कोटी दिले गेले, काश्मीरची लढाई पेटल्यावर ५५ कोटी अडकले आणि जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींचं उपोषण चालू असताना, भारत सरकारने ते द्यायचं ठरवलं. महाराष्ट्रात ‘५५ कोटी’ हा आकडा गांधीहत्येच्या वादातून घरोघरी पोचला. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद साधी आहे: ठरलेल्या वाट्याचा राहिलेला हप्ता.

म्हणजे खुर्च्यांची मोजणी झाली, शिलकीची झाली, मण्यांचीही झाली. अर्ध्या टक्क्याचाही घोळ नको म्हणून रात्रंदिवस कारकून खपले. आता त्याच वाटणीत माणसं कशी मोजली, ते बघू.

७३ दिवस

ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ ला जाहीर केलं होतं, की जून १९४८ पर्यंत आम्ही सत्ता सोडू. नवे व्हाइसरॉय माउंटबॅटन आले आणि मुदत दहा महिन्यांनी अलीकडे आली. ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली, १५ ऑगस्टला सत्तांतर. मधे ७३ दिवस. सरकारी कचेऱ्यांत एक खास कॅलेंडर लावलं होतं, रोज एक पान फाडायचं, खाली उरलेल्या दिवसांचा आकडा.

आपल्याकडे दोन भावांत पाच एकरांची वाटणी करायची म्हटली तर मोजणीदार यायला, हद्दीचे दगड रोवायला आणि सातबारा वेगळा व्हायला कितीदा खेटे घालावे लागतात, हे ज्याने घातलेत त्याला विचारावं. ७३ दिवसांत कित्येकदा पहिली तारीखही पडत नाही.

सीमा आखण्याचं काम तर त्याहून थोड्या वेळात झालं. सिरिल रॅडक्लिफ हे लंडनचे नामांकित वकील ८ जुलैला दिल्लीत उतरले. त्याआधी ते हिंदुस्थानात कधी आले नव्हते. पंजाब आणि बंगाल यांच्यासाठी दोन आयोग होते आणि दोन्हींचे अध्यक्ष तेच. प्रत्येक आयोगात चार न्यायाधीश, दोन काँग्रेसने सुचवलेले, दोन मुस्लिम लीगने. मतं पडायची दोनास दोन, त्यामुळे शेवटी पेन्सिल एकट्या रॅडक्लिफ यांच्याच हातात राहिली.

हातात जेमतेम पाच आठवडे. पुढ्यात सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर मुलूख, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट, आणि ८ कोटी ८० लाख लोक. भागाकार करून पाहा. अमरावती जिल्ह्याहून थोडा मोठा प्रदेश आणि २५ लाख माणसं, हे एका दिवसाचं काम! त्यात नद्या, कालवे, रेल्वे, बाजारपेठा, देवस्थानं, दर्गे आणि एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन वाड्या.

५१ टक्के

पेन्सिल टेकवायची कुठे? उत्तर होतं जनगणनेत. ब्रिटिशांनी १८७२ पासून या देशात माणसं मोजायला घेतली आणि मोजताना धर्माचा रकाना भरला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि त्या रकान्याला राजकीय किंमत आली. डोकी मोजून जागा मागता येऊ लागल्या. १९४१ ची जनगणना येईपर्यंत पंजाबात आणि बंगालमध्ये दोन्ही बाजू एकमेकींवर आकडे फुगवल्याचे आरोप करत होत्या आणि युद्धामुळे ती मोजणीही आखडती घेतली होती. कोणता मुलूख कोणाच्या बहुमताचा, हे ठरवायला फूटपट्टी मात्र तीच वापरली गेली.

त्या फूटपट्टीवर पंजाबातला गुरदासपूर जिल्हा ५१ टक्क्यांच्या आसपास मुसलमान भरत होता. शंभरात एखाद्या माणसाचा फरक! आयोगाला ‘इतर बाबी’ लक्षात घ्यायचीही मुभा होती. जिल्ह्याच्या चार तहसिलींपैकी तीन भारतात आल्या, रावीपलीकडची शकरगढ पाकिस्तानात गेली. त्या निकालावर वाद आजही झडतो.

निकाल तयार होता, पण तो १७ ऑगस्टला जाहीर केला. दोन्ही देश स्वतंत्र झाले तेव्हा आपली हद्द कुठवर आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं. बंगालमधल्या मुर्शिदाबादेत तीन दिवस पाकिस्तानचा झेंडा फडकला आणि मग तो जिल्हा भारतात असल्याचं कळलं. खुलन्यात तिरंगा होता, तो जिल्हा पाकिस्तानात निघाला. पंजाबातल्या १२ जिल्ह्यांत शांतता राखायला खास सीमादल नेमलं होतं. कत्तली ऐन भरात असताना, महिनाभरातच ते मोडीत काढलं गेलं. रॅडक्लिफ तोवर इंग्लंडला परतले होते.

१८ लाख

१९५१ मध्ये दोन्ही देशांनी आपापली शिरगणती केली. भारतात निर्वासित मोजले गेले ७२,९५,८७०. पाकिस्तानात मुहाजिर ७२,२६,६००. बेरीज सुमारे १ कोटी ४५ लाख. २०११ मधल्या अख्ख्या बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सबंध मुंबई रिकामी केली तरी हा आकडा भरत नाही. दिल्लीची वस्ती १९४१ मध्ये ९ लाख १८ हजार होती, दहा वर्षांनी ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. कराचीत १९४१ ला निम्मे लोक हिंदू होते, १९५१ ला शंभरात दोन.

हे झाले पोचलेले. न पोचलेल्यांचा आकडाच नाही. मृतांचे अंदाज २ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातात. बहुतेक पुस्तकांत १० लाख छापतात, कारण तो मधला आणि गोळाबेरजेचा आकडा आहे. दोन टोकांत फरक १८ लाखांचा. २०११ च्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार. एवढं एक शहर, त्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसह आणि तान्ह्या बाळांसह, होतं की नव्हतं, हे आपण ठामपणे सांगू शकत नाही. सतरा टक्क्यांपुढचा अर्धा टक्का मात्र आपल्याला पाठ आहे.

पळवून नेलेल्या बायकांचे सरकारी अंदाज होते: भारतात राहिलेल्या मुसलमान स्त्रिया ५० हजार, पाकिस्तानात राहिलेल्या हिंदू आणि शीख स्त्रिया ३३ हजार. दोन्ही सरकारांनी त्यांना ‘परत मिळवण्याचा’ करार केला, भारताने १९४९ मध्ये कायदाही केला. दशकभरात सुमारे ३० हजार जणींची देवाणघेवाण झाली. तोवर कोणी तिथे संसार थाटला होता, कोणाला मुलं झाली होती. जायचं की राहायचं, हे त्या कायद्यात बाईला विचारायची सोय नव्हती. ८३ हजारांचा हिशेबसुद्धा असा, सामानाच्या यादीसारखाच झाला.

पावणेदोन एकर

रॅडक्लिफ यांनी फक्त ब्रिटिश प्रांत कापले. संस्थानं त्यांच्या कामात नव्हती. त्यामुळे कूचबिहार संस्थान १९४९ मध्ये भारतात आलं, तेव्हा त्याच्यासोबत एक जुनं त्रांगडं आलं. मोगल काळापासून त्याची काही गावं शेजारच्या रंगपूरच्या पोटात होती आणि तिकडची काही याच्या पोटात. राजे बुद्धिबळात गावं पणाला लावायचे, अशी दंतकथा आहे. एका साम्राज्यात होती तोवर ही गंमत होती. मधे आंतरराष्ट्रीय सीमा आली आणि भारताचे १११ तुकडे पलीकडे, आजच्या बांगलादेशात, अडकले, पलीकडचे ५१ इकडे. एकूण १६२. स्थानिक भाषेत छिटमहल.

त्यातला दहला-खाग्राबारी तर भारताचा तुकडा, बांगलादेशाच्या तुकड्याच्या पोटात, तो भारताच्या तुकड्याच्या पोटात आणि तो बांगलादेशाच्या पोटात. क्षेत्रफळ ७ हजार चौरस मीटर, आपल्या भाषेत पावणेदोन एकर. त्यात तागाचं शेत होतं.

२०११ च्या संयुक्त मोजणीत छिटमहलांत सुमारे ५१ हजार लोक निघाले. वीज नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, मतदार यादीत नाव नाही. आपल्याच देशाच्या कचेरीत जायचं तर आधी परदेश ओलांडायचा. सीमा करार १९७४ ला झाला, अमलात आला ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. पाच आठवड्यांत आखलेल्या रेषेच्या या एका गाठीची उकल व्हायला ६८ वर्षं लागली. बांगलादेशाच्या ५१ तुकड्यांतल्या एकाही रहिवाशाने बांगलादेशात जायचं नाव काढलं नाही.

बाकीची सीमा आजही आहे. पाकिस्तानला लागून ३,३२३ किलोमीटर, बांगलादेशाला लागून ४,०९६. बेरीज आपल्या ७२० किलोमीटरच्या कोकण किनाऱ्याच्या दहापट. २०११ मध्ये अंतराळ स्थानकातून काढलेल्या रात्रीच्या फोटोत भारत-पाकिस्तान सीमा नारिंगी दोरीसारखी दिसते, सीमेवरच्या दिव्यांमुळे. त्या रेषेने सिंधूचं खोरंही कापलं. १९६० च्या करारात नद्या वाटून घेतल्या, सुमारे ८० टक्के पाणी पाकिस्तानकडे गेलं. युद्धांतूनही टिकलेला हा करार एप्रिल २०२५ मध्ये भारताने स्थगित ठेवला.

कॅम्प नंबर पाच

सिंधला रॅडक्लिफ यांची पेन्सिल लागलीच नाही. सगळा प्रांत सरळ पलीकडे गेला. हा सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीची जुनी एनजेव्ही शाळा ज्यांच्या नावाने चालते ते नारायण जगन्नाथ वैद्य इलाख्याच्या शिक्षण खात्यातले अधिकारी होते. पंजाब्याला आणि बंगाल्याला निम्मा प्रांत तरी राहिला. सिंधी हिंदूला भाषा उरली, तिचा प्रदेश नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधी यायला १९६७ उजाडलं.

सिंधी निर्वासितांची जहाजं मुंबईला लागली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात महायुद्धातले पोलिश निर्वासित राहून गेले होते. त्याच छावणीत सिंधी आले, आज ते गांधीनगर. कल्याणजवळ महायुद्धात बांधलेल्या लष्करी छावणीत लाखभर लोक उतरले. सैनिकांच्या बराकींत पडदे लावून एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. १३ चौरस किलोमीटरच्या आसपासच्या या शहरात २०११ मध्ये पाच लाखांवर लोक होते.

नाव बदलून पाऊण शतक झालं, तरी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच सांगायचं असतं. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, देशात पिनकोड सुरू झाले. उल्हासनगरला मिळाले ४२१००१ ते ४२१००५. शेवटचा आकडा छावणीचा. फाळणीनंतर पन्नास-साठ वर्षांनी जन्मलेलं पोर मोबाइलवरून काही मागवतं, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ही बाकी आपसूक लिहिली जाते.