तृणमणि : राळेचें रत्न

सोलापूरच्या माळावर बाभळीच्या खोडाला चीर पडली कीं तिच्यांतून पिवळसर रस पाझरतो आणि उन्हानें वाळून त्याचे खडे बनतात. हा बाभळीचा डिंक. रंगानें तो तृणमण्यासारखा, म्हणजे व्यवहारांत ज्याला अंबर म्हणतात त्या रत्नासारखा दिसतो. त्यामुळें तृणमणि म्हणजे कोट्यवधि वर्षें जमिनींत पुरला गेलेला डिंक, असा समज सुशिक्षितांतही असतो. तो बरोबर नाहीं. डिंकाचा खडा रात्रभर पाण्यांत ठेवावा. सकाळीं तो विरघळलेला आढळेल. शर्करांच्या साखळ्यांनीं बनलेला हा पदार्थ भूगर्भांतील ओलाव्यापुढें टिकावा कसा? देवमाशाच्या आंतड्यांतून मिळणाऱ्या अंबर नांवाच्या सुगंधी द्रव्याशींही या रत्नाचा संबंध नाहीं.

तृणमण्याचा खरा सगा देवघरांतील धुपाच्या पुडींत असतो. तो म्हणजे राळ. सालवृक्षापासून मिळणारी ही राळ पाण्यांत विरघळत नाहीं व निखाऱ्यावर टाकली असतां सुगंधी धूर देते. झाडाला जखम झाली किंवा किड्यानें खोड पोखरलें म्हणजे ती बाहेर येऊन जखम बुजविते. तिच्यांत मुख्यत्वें टर्पीन वर्गांतील संयुगें असतात. पांच कार्बन-अणूंचें एक एकक धरून अशीं दोन, तीन, चार एककें जोडलीं गेलीं म्हणजे हीं निरनिराळीं संयुगें तयार होतात.

राळ मातींत गाडली गेली कीं तिच्यांतील उडून जाणारीं द्रव्यें हळूहळू निघून जातात. उरलेले रेणु एकमेकांना जखडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या बनतात. प्रथम कोपल नांवाची अर्धवट पक्व राळ होते आणि पुढें लक्षावधि वर्षांनीं तृणमणि. त्याच्या अंगीं कार्बन, हायड्रोजन आणि थोडा प्राणवायु इतकेंच असतें. म्हणूनच हें रत्न जळतें. पाण्याच्या मानानें त्याचें वजन १.०५ ते १.१० पट असल्यामुळें तें साध्या पाण्यांत बुडतें, पण मिठाच्या दाट पाण्यांत तरंगतें. बेकेलाइटचा नकली मणि तेथेंही बुडतो; कांहीं प्लास्टिकें मात्र तरंगतात, तेव्हां या एकाच परीक्षेवर विसंबून चालत नाहीं. लोकरीवर घासलेला तृणमणि कापसाचा तंतु किंवा गवताची काडी ओढून घेतो. ‘तृणमणि’ हें नांव त्यावरूनच पडलें, आणि त्याच्या ‘इलेक्ट्रॉन’ या ग्रीक नांवावरून विजेचें पाश्चात्त्य नांव.

सर्वच तृणमणि एका झाडाचा नसतो. बाल्टिक समुद्राकांठचा तृणमणि सूचिपर्णी वृक्षांचा असून त्यांत ३ ते ८ टक्के सक्सिनिक आम्ल असतें. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील तृणमणि हायमेनिया या, चिंचेच्या कुळांतील, वृक्षांचा आहे. मण्यांत पान वा फूल नसलें तरी त्याच्या रेणूंची बांधणी तपासून जन्मदात्या वृक्षाचें कुळ पुष्कळदां ओळखतां येतें.

सोलापूरची जमीन ज्या काळ्या खडकाची आहे, तो सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा. तप्त लाव्हांत राळ जळून जाते. तृणमणि टिकतो तो गाळांत व लिग्नाइटच्या थरांत. असे थर गुजराथेंत आहेत. सुरत जिल्ह्यांतील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणींत सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वींचा तृणमणि मिळाला. तीन एककांच्या, म्हणजे पंधरा कार्बन-अणूंच्या, कॅडिनीन नांवाच्या टर्पीनांची साखळी त्यांत आढळली. ही खूण डिप्टेरोकार्प कुळाची. आणि सालवृक्ष याच कुळांतला! म्हणजे ज्या भागांत आज असें अरण्य नाहीं, तेथें त्या काळीं राळ देणाऱ्या या वृक्षांचें घनदाट वर्षावन उभें होतें.

या वृक्षांच्या राळेंत अडकलेले ७०० हून अधिक कीटक व त्यांसारखे संधिपाद प्राणी २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत नोंदविले गेले. हा तृणमणि कांहीं सेंद्रिय द्रवांत विरघळत असल्यामुळें त्यांतले कीटक सबंधच्या सबंध बाहेर काढतां आले. भारतखंड त्या काळापूर्वीं दीर्घकाळ समुद्रानें वेढलेलें होतें. तेव्हां येथील कीटक इतरांहून अगदीं वेगळे असावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत त्यांचे आप्त उत्तर युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियांतले निघाले. हें बेट समजलें जात होतें तितकें एकाकी राहिलें नव्हतें, हें या इवल्याशा साक्षीदारांनीं दाखवून दिलें.

लिग्नाइट खणला जातो तो मुख्यतः वीज निर्माण करण्यासाठीं. त्यांतील तृणमण्याचे बारीक खडे वेळींच वेंचले नाहींत, तर तेही भट्टींत जातात. निखाऱ्यावरची राळ पुन्हां विकत आणतां येते. पांच कोटि वर्षांपूर्वींच्या अरण्याची ही नोंद एकदां जळाली कीं पुन्हां मिळत नाहीं.