चाकाची साक्ष

मोटारीचा सर्वांत लवकर हरवणारा भाग कोणता, असे कोणी विचारले तर बहुतेकजण आरशाचे नाहीतर भोंग्याचे नाव घेतील. खरे उत्तर आहे चाक! इंजिन उतरवायचे तर कप्पी-साखळी हवी, दोन-चार माणसे हवीत. चाकाचे मात्र पाच नट सोडवले की काम भागते. म्हणून जुन्या मोटारीच्या अंगावर तिचे मूळचे चाक सापडणे कठीण. आणि सापडलेच, तर ते मूळचे आहे हे ओळखणे त्याहून कठीण!

मुंबई-नाशिक रस्त्यावरून माणकोलीच्या बाजूने भिवंडीच्या अंगाला शिरले की वळ गावचा परिसर लागतो. एकेकाळचा हा भातशेतीचा मुलूख. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना सोयीचे वाटू लागले आणि वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे अशा गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ ला जकात गेली. गोदामे मात्र जागची हलली नाहीत. कापडाच्या ताग्यांपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत नाना तऱ्हेचा माल या गाळ्यांतून येतो नि जातो. ट्रक तर अहोरात्र चालू. अशा गावच्या एखाद्या तरुणाला नव्या मोटारीऐवजी जुन्या जीपचा नाद लागला तर नवल ते काय?

समजा, त्याला कोणी एक जीप दाखवली. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "साहेब, लढाईतली गाडी आहे. चाकेसुद्धा कंपनीची!" या शेवटच्या दोन शब्दांवर किंमत चढते. ती द्यावी की नाही?

याचे उत्तर देण्यापूर्वी जीपचे घराणे पाहिले पाहिजे. १९४१ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीपा बांधल्या. आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्या कितीतरी जीपा युद्ध संपल्यावर विक्रीला निघाल्या आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्याकडे घरोघर झाला. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला आरंभ केला. उंच बॉनेटची 'सीजे-३बी' ही जीप अमेरिकेत १९५३ पासून १९६८ पर्यंत निघाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालला. तात्पर्य, आपल्याकडच्या जुन्या जीपा सगळ्या एका पोटच्या नव्हेत. एकीला जे चाक अस्सल, तेच दुसरीला उसने!

आता चाकाकडे वळू. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, आरे आणि धाव, तशी जीपच्या चाकाला मधली तबकडी आणि भोवतालची रिम. लष्करी जीपच्या अगदी पहिल्या चाकांची रिम अखंड होती. १९४२ मध्ये तिच्या जागी 'कॉम्बॅट' चाक आले. लढाईत टायरला गोळी लागली तरी गाडी काही मैल रेटता यावी म्हणून जाड, ताठ बाजूंचे टायर केले गेले. ते अखंड रिमवर चढेनात. म्हणून रिमच दोन भागांत केली आणि आठ नटबोल्टांनी आवळली. पुढून पाहिले तर ही गोष्ट लपत नाही. चाक तुंब्याला धरून ठेवणारे पाच नट मध्यभागी दिसतात आणि त्यांच्याबाहेर आठ नटांचे दुसरे कडे दिसते. आठ नट दिसले की चाक कॉम्बॅट जातीचे. न दिसले तर अखंड.

परंतु कॉम्बॅट चाक म्हणजेच अस्सल, असे मात्र समजू नये. साध्या नागरी जीपला कारखान्यातून अखंड चाकेच मिळत. सीजे-३बी ला कॉम्बॅट चाके चढवली म्हणून ती काही युद्धावर जाऊन आलेली ठरत नाही. शिवाय अशी चाके आज नव्याने घडवून सर्रास विकली जातात.

दुसरी खूण मापाची. चाकाच्या पाच भोकांच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ साडेपाच इंच व्यासाचे असते. पाच भोकांचे वर्तुळ थेट मोजता येत नाही, कारण एका भोकासमोर दुसरे भोक येत नाही. त्यावर युक्ती सोपी आहे. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजावे. ते सव्वातीन इंचांच्या किंचित आत, म्हणजे सुमारे ८२ मिलिमीटर भरले पाहिजे. पण येथेही एक सापळा आहे. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीच्या चाकाला हेच वर्तुळ आहे! फरक रिमचा. जिप्सीचे चाक १५ इंची आणि जुन्या जीपचे १६ इंची, त्यावर ६.००-१६ मापाचा अरुंद टायर. भोके जुळली म्हणजे चाक बसेल. ते मूळचे आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

तिसरी खूण अक्षरांची. फोर्डने आपल्या जीपच्या लहानसहान भागांवर, बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उठवले होते. मग विलीज म्हणून विकायला काढलेल्या जीपवर 'एफ' दिसले तर विकणारा लबाड म्हणायचा का? तसेही नाही. लष्करी कार्यशाळेत दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकींना बिनदिक्कत लावले जात. ते तसे लागावेत म्हणूनच तर एकसारखे केलेले. अशा जीपचा 'एफ' हा खोटेपणाचा पुरावा नसून तिच्या सेवेची नोंदही असू शकते. याउलट, चाकावर भारतीय कारखान्याचा छाप असेल तर ते महायुद्धातले असूच शकत नाही. पण आपल्याकडे बांधलेल्या जीपला तेच चाक शोभून दिसेल. तो छाप घासून तिला अमेरिकन करू पाहणाऱ्याने तिची खरी जात मात्र घालवली!

चौथी खूण रंगाची. लष्करी जीपचे चाक नखशिखांत लष्करी हिरवे. उलट, महायुद्धानंतर विलीजने काढलेल्या पहिल्या नागरी जीपांत बदामी अंगाला लाल चाके, अशी जोडी होती. वरचा रंग कोणीही मारतो. म्हणून चाकाची आतली, ब्रेकच्या ड्रमकडची बाजू पाहावी. तिथे रंगाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखाली एक सापडतात. आणि स्टेपनी पाहायला विसरू नये. चार चाके झिजली, वाकली, बदलली, तरी पाचवे पुष्कळदा मागे लटकत राहिलेले असते. चाक हाती येताच ते वाळूच्या मार्याने चकचकीत करण्याची घाई करू नये. गंजाबरोबर पुसट छाप आणि जुने थर दोन्ही जातात. साक्षीदारच नाहीसा होतो.

येथवर प्रश्न पैशाचा होता. आता जिवाचा. कॉम्बॅट चाकाचे बाहेरचे आठ नट हे चाक काढण्याचे नट नव्हेत! टायरात हवा असताना ते सोडवले तर रिमचे दोन भाग तोफेच्या गोळ्यासारखे सुटतात. हिशेबच पाहा. या टायरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस इंच. हवेचा दाब चौरस इंचाला ३० पौंड धरला तर त्या बाजूवर १२,००० पौंडांचा, म्हणजे पाच टनांहून अधिक जोर पडतो. त्याचा मोठा हिस्सा त्या आठ बोल्टांनी पेललेला असतो. म्हणून प्रथम व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी, मगच त्या नटांना पाना लावावा. लॉक रिंगच्या ट्रक-चाकांशी खेळलेल्या पंक्चरवाल्याला हे धोके ठाऊक असतात. मोटारसायकलींची चाके करणाऱ्या पोराला ठाऊक असतीलच असे नाही. आणखी एक. लष्करी जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते सुटत नाहीत म्हणून पान्यावर नाचणाऱ्यांनी कितीतरी बोल्ट मोडले आहेत. जो चाक ओळखतो, तोच ते धड काढतो!

ही पारख केवळ जीपवाल्यांनाच लागते असे नाही. अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून दांडग्या इंजिनाच्या ज्या 'मसल कार' गाजल्या, त्यांच्या चाकांवरून तिकडचे शौकीन तासन् तास वाद घालतात. शेव्हरोलेच्या 'रॅली' चाकावर, व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, दोन अक्षरे ठोकलेली असतात. 'एझेड' असले तर चाक १५ इंच व्यासाचे, ८ इंच रुंदीचे, १९६९ पासूनच्या कॉर्व्हेटचे. शेजारी 'के' असेल तर ते केल्सी-हेज कंपनीने घडवलेले. आणि गंमत अशी, की युद्धकाळात जीपची चाके घडवणारी कंपनीही हीच केल्सी-हेज! तिथल्या जाणकारांचा नियमही आपल्याला लागू पडतो. अक्षर, तारीख, माप आणि गाडीचे वय, चारही एकमेकांशी जुळले तरच चाक त्या गाडीचे. एकट्या अक्षरावर विसंबू नये, कारण अक्षर ठोकणारा हातोडा कोणालाही विकत मिळतो.

तेव्हा वळच्या त्या तरुणाने काय करावे? विकणाऱ्याच्या शब्दाऐवजी चाकाला बोलते करावे. नट मोजावेत, भोकांतले अंतर मोजावे, आतली बाजू पुसून पाहावी, स्टेपनी उतरवून घ्यावी. चाके बदललेली निघाली तर जीप टाकून द्यायची गरज नाही; किंमत तेवढी उतरवावी. पन्नास-साठ वर्षे राबलेल्या गाडीने चाके बदलणे हा काही गुन्हा नव्हे. बदललेल्या चाकांना मूळची म्हणून विकणे हा मात्र गुन्हा आहे, आणि तो चाकाचा नव्हे, माणसाचा!